गिऱ्हाईकाचा रकाना

सह्या बारा वाजता व्हायच्या होत्या आणि साडेदहालाच सगळे वरच्या खोलीत येऊन बसले होते. ती खोली बैठकीची नव्हतीच. एक लांब टेबल, आठ लोखंडी स्टुलं, भिंतीला पत्र्याचं कपाट आणि खिडकीपाशी आप्पांची हातांची खुर्ची. आप्पा जाऊन आठ आठवडे झाले होते, पण त्या खुर्चीवर अजून कोणी टेकलं नव्हतं. आप्पांच्या तिघा मुलांतल्या धाकट्यानं आल्या आल्या तिच्यावर आपली बॅग ठेवली. त्याला कोणी हटकलं नाही, तरी मिनिटभरानं त्यानं ती आपणहून उचलून जमिनीवर ठेवली.

खालून यंत्रांचा आवाज येत होता. तार गुंडाळणाऱ्या सहा यंत्रांपैकी दोनच चालू होती. आवाजावरून दादाला सांगता यायचं, कुठल्या जाडीची तार चालली आहे आणि स्प्रिंगला किती वेढे पडताहेत. तेहतीस वर्षं तो हाच आवाज ऐकत आला होता. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तर पुढच्या महिन्यापासून हा कारखाना एका मोठ्या कंपनीचा होणार होता. एकतीस माणसांपैकी एकोणीस जण ती कंपनी ठेवून घेणार होती.

"नऊ पानं आहेत," धाकटा म्हणाला. "आठांवर आपल्या तिघांच्या सह्या. चौथ्या पानावर एकट्या दादाची."

"चौथ्यात असं काय आहे?" ताईनं विचारलं.

"काही नाही गं. गेल्या पाच वर्षांत आपल्याकडून सदोष माल बाहेर गेलेला नाही, एवढं लिहून द्यायचंय. माल दादा बघतो, म्हणून सही दादाची."

"मग त्यात विचार कसला करायचा?" वहिनी म्हणाली. "ह्यांच्या मालाला आजवर कुणी बोट लावलंय?"

दादा पेनाचं टोपण काढत होता आणि परत लावत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात मंगळवारपासून एक कार्ड होतं, चार घड्या घातलेलं. शर्ट तीन बदलले होते. कार्ड दर वेळी ह्या खिशातून त्या खिशात गेलं होतं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठकू, ताईची लेक, कपाटासमोर गुडघ्यांवर बसून खोक्यात माल भरत होती. माल म्हणजे सलाईनचे हूक. एकूण चाळीस. पांढऱ्या प्लास्टिकची वीतभर नळी, आत एक स्प्रिंग, खाली सलाईनची पिशवी अडकवायला आकडा. पिशवी रिकामी होत जाते तसतशी स्प्रिंग सैल होत वर येते, आणि शेवटचं थोडं पाणी उरलं की नळीतली चिमुकली घंटी वाजते. वीज नको, बॅटरी नको. एका सिस्टरला तीस खाटा सांभाळाव्या लागतात, तिथं कानाला कळलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. पोरीनं दोन वर्षं त्यात घातली होती. नोकरी सोडली, एक जोडीदारीण मिळवली, कंपनी काढली. नमुन्याचे पाच हूक आठ महिने बिनचूक वाजले. मग इस्पितळानं चाळीस घेतले, आणि पाचव्या आठवड्यात ते उशिरा वाजू लागले. एका खाटेशी सिस्टर योगायोगानं उभी होती म्हणून निभावलं. तीन आठवड्यांपूर्वी चाळीसच्या चाळीस परत आले. जोडीदारीण दुसरीकडे नोकरीला चिकटली. ठकूनं नोकरीचा होकार पाठवला होता. सोमवारी ती दूरच्या शहरात जाणार होती.

"ठेव गं ते," ताई म्हणाली. "भंगारवाला उचलेल. कशाला हात काळे करतेस?"

"मोजून ठेवते आई. एक कमी येतोय."

दादानं खाली पाहिलं. कमी असलेला हूक खालच्या केबिनमध्ये त्याच्याच खणात होता, उघडलेला. मंगळवारी चौथ्या पानासाठी, प्रत्येक कामाची नोंद असलेली जुनी कार्डं चाळताना त्याला ठकूच्या मालाचं कार्ड सापडलं. ते वाचून झाल्यावर तो वर आला, एक हूक उचलला, आतली स्प्रिंग काढली आणि व्हर्नियरनं मोजली. दीड मिलिमीटर आखूड भरली. पुन्हा मोजली. तेवढीच भरली.

स्प्रिंग गुंडाळून भट्टीतून निघाली की ती पार मिटेपर्यंत दाबायची आणि सोडायची, पाच वेळा. तिला जे काही दबायचं असतं ते तिथंच दबून जातं, आणि मग ती आयुष्यभर एका मापाला राहते; नाहीतर वापरात हळूहळू आखूड होत जाते. कारखान्यात ह्याला रग जिरवणं म्हणत. कार्डावर त्यासाठी वेगळा रकाना होता. ठकूच्या कार्डावर त्या रकान्यात आडवी रेघ होती आणि रेघेखाली दादाची सही. वर, गिऱ्हाईकाच्या रकान्यात, त्याच्याच अक्षरात एक शब्द होता : घरचं.

घरचं म्हणजे काय, हे कारखान्यात कुणाला सांगावं लागत नसे. बाहेरचा माल गेला की उरलेल्या तारेत, यंत्र मोकळं असेल तेव्हा, तपासणीशिवाय. घरच्या दाराची कडी, शेजारणीचा पाळणा, आतेभावाची सायकल. घरचं म्हणून कुणी तक्रारही करत नसे. आप्पा अंथरुणाला खिळलेले, बाहेरच्या दोन मोठ्या ऑर्डरी डोक्यावर, आणि ठकू म्हणाली होती, "मामा, चाळीसच आहेत रे." त्यानंही चाळीसच धरल्या.

आणि पोरीला वाटत होतं, चूक तिच्या नळीची आहे.

"तरी बरं," धाकटा कागद सारखे करत म्हणाला, "तिनं वेळेवर आवरलं. दादासारखं गोदाम भरून नाही ठेवलं. आठवतं ना ताई? दादाच्या काट्यावर हवासुद्धा चाळीस ग्रॅम भरायची."

ताई हसली. वहिनीही थोडीशी हसली. घरातला तो तेहतीस वर्षांचा विनोद होता. चोविसाव्या वर्षी दादानं स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा काढला होता. दीडशे नग गेले, आणि महिन्याभरात काटा शून्यावर येईना म्हणून दुकानदारांनी ते परत केले. त्यानंतर दादा खालच्या केबिनमध्ये येऊन बसला तो उठलाच नाही. विनोद झाला की तोही हसायचा. आज हसला नाही.

"शनिवारी ह्या वेळेला नवीन काही करणाऱ्या पोरांची जिन्यावर रांग असायची," ठकू खोक्याकडे बघतच म्हणाली. "मीसुद्धा रांगेत बसायची. आप्पा हाक मारायचे, तेव्हा नात म्हणून नाही, नंबर लावून."

"लोकांच्या पोरांसाठी पहाटेपासून तयार," ताई म्हणाली. "ती चाकाची खुर्ची बनवणारी पोरगी, तिच्यासाठी स्वतः तिच्याबरोबर गेले होते. पहिल्या गिऱ्हाइकाकडे. आपली जुनी गिऱ्हाइकंसुद्धा देऊन टाकायचे लोकांना."

"आणि घेतलं काय? शून्य." धाकट्यानं बोटांनी शून्य करून दाखवलं. "त्यांतला एक जण आपल्या कंपनीत वाटा द्यायला आला होता, लेखी. त्याला चहा पाजून परत पाठवला. आज त्याच्याकडे दोनशे माणसं आहेत. तो वाटा घेतला असता, तर आज हे नऊ पानांचं पुस्तक वाचायची वेळ आली नसती."

"ते पन्नास नगांचं काम घ्यायचे रे मामा," ठकू म्हणाली. "कोण घेतं पन्नास नगांचं? सगळे म्हणतात, पाच हजार असतील तर या. आप्पा त्या पन्नासांसाठी यंत्र लावायचे आणि पोराला शेजारी उभं करायचे. हाताला कळू दे म्हणायचे."

दादाला हे सगळं माहीत होतं. जिन्यावरची चपलांची रांग ओलांडून तो तेहतीस वर्षं शनिवारी केबिनमध्ये गेला होता. वर कधी आला नव्हता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं. काट्याच्या वेळी त्यानं एकदा विचारलं होतं, "आप्पा, जरा बघता का?" आप्पा म्हणाले होते, "घरच्याला काय वेगळं शिकवायचं? बघून शिकशील."

"शिक्का राहिला," तो उठत म्हणाला. "खाली आहे. आणतो."

"मी आणू का?" धाकटा म्हणाला.

"तुला सापडायचा नाही."

जिना उतरताना त्यानं एकच गोष्ट ठरवली होती. शिक्का आणायचा, सही करायची आणि ते कार्ड घरी जाऊन जाळायचं. पोरीची नोकरी चांगली होती. एकोणीस घरांच्या चुली पेटत्या राहणार होत्या. चाळीस हुकांचं खरं सांगून कुणाच्या ताटात काय पडणार होतं?

केबिनमध्ये मिस्त्री उभे होते. एकाहत्तर वर्षांचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते कधी केबिनमध्ये बसत नसत, आजही बसले नव्हते.

"झाल्या सह्या?"

"शिक्का न्यायला आलोय."

"मंगळवारी डब्यातून एक कार्ड काढलंत दादा. परत लावलं नाहीत."

"राहिलं असेल कुठंतरी."

"राहिलं नाही. तुमच्या खिशात आहे." मिस्त्रींच्या आवाजात दोष नव्हता, माप सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. "पहिल्यांदा नाही होत असं. तुमच्या काट्याचं कार्डही असंच डब्यातून गेलं होतं. आप्पांच्या खिशातून."

दादानं शिक्क्याचा खण उघडला होता. तो तसाच उघडा राहिला.

"माझ्या काट्याचं?"

"शून्यावर येईना म्हणून परत आले ना काटे? मग? काटा काय वाईट नव्हता हो तुमचा. आम्ही सगळे म्हणायचो, पोरानं डोकं चालवलंय. स्प्रिंगची रग जिरवलेली नव्हती. आप्पा म्हणाले, बाहेरचा माल आधी जाऊ दे, हे काय, घरचंच आहे. गुंडाळली मीच होती."

"तुम्हाला ठाऊक होतं. तेव्हापासून?"

"माल परत आला, तेव्हा आप्पांनी एक काटा उघडला. ह्याच टेबलावर. मोजला. मग कार्ड काढून बघितलं आणि खिशात घातलं. मला म्हणाले, मी सांगतो त्याला."

"मग?"

"मग काय. पहिलं वर्ष म्हणाले, आत्ताच दुखलंय, जरा जाऊ दे. पुढं म्हणाले, आता रुळलाय, कशाला उकरायचं? नंतर म्हणाले, आता सांगितलं तर त्याला वाटेल, सगळी वर्षं फुकट गेली." मिस्त्रींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्याच महिन्यात त्यांनी वरची खोली रिकामी करून घेतली. आठ स्टुलं आणली. आम्हाला सांगितलं, शनिवारी कुणी पोरगं काही नवीन घेऊन आलं तर हाकलायचं नाही. वर पाठवायचं."

दादा खुर्चीवर बसला. बाहेर एक यंत्र थांबलं आणि तार बदलून पुन्हा सुरू झालं.

"मला वर बोलावलं नाही."

"धीर झाला नसेल," मिस्त्री म्हणाले. "पण ठकूताईंच्या नमुन्यांची पाच कार्डं बघा. आप्पांच्या हातची आहेत, आजारी पडायच्या आधीची. गिऱ्हाईकाच्या रकान्यात घरचं नाही लिहिलेलं. कंपनीचं पूर्ण नाव आहे. रग माझ्यासमोर स्वतः जिरवली. मला वाटलं तुम्ही बघितली असतील."

दादानं ती बघितली होती, मंगळवारीच. नमुने का वाजले आणि चाळीस का नाही, हे त्याला त्या पाच कार्डांवरूनच कळलं होतं. फक्त आप्पांनी एवढं लांबलचक नाव का लिहिलं, ते कळलं नव्हतं.

शिक्का घेऊन तो वर आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ठकूचं खोकं भरून झालं होतं. धाकट्यानं चौथं पान वर काढून त्यावर पेन आडवं ठेवलं होतं.

"ये. एवढं उरकलं की—"

"ठकू," दादा म्हणाला, "तुझा एक हूक कमी येतोय ना, तो माझ्याकडे आहे."

तिनं मान वर केली.

त्यानं खिशातलं कार्ड काढलं, घड्या उलगडल्या आणि टेबलावर चौथ्या पानाशेजारी ठेवलं. घड्यांवर कागद विरला होता. "तुझी नळी ठीक आहे. घंटी ठीक आहे. स्प्रिंग खराब होती. चाळीसही. रग न जिरवता दिली. मी दिली."

मग सगळे एकदम बोलू लागले.

"एक मिनिट, एक मिनिट." धाकटा उभा राहिला. "तक्रार कुणी केलीय? इस्पितळानं हुकाची केली, स्प्रिंगची नाही. आपल्याकडे लेखी काही नाही. मग तू कशाला..."

"हे आत्ता सांगायचं होतं?" ताईचा आवाज चढला. "परवा ती निघालीय. सामान बांधून झालंय. तीन आठवडे ती झोपली नव्हती, आत्ता कुठे जरा सावरलीय, आणि तू..."

"तीन आठवडे ती का झोपली नाही ताई?"

"मंगळवारपासून तुम्ही ताट पुढं सारताय," वहिनी हळूच म्हणाली. "मला वाटलं कारखाना जातोय म्हणून."

ठकूनं खोकं बाजूला सारलं. ती उठून टेबलाशी आली. कार्ड हातात न घेता, दोन्ही तळवे टेबलावर टेकवून तिनं ते वाचलं. वरपासून खालपर्यंत. गिऱ्हाईकाच्या रकान्यापाशी तिची नजर थोडी थांबली.

"मी सगळं तपासलं होतं," ती म्हणाली. "प्लास्टिक गरम होऊन वाकतं का, आकडा सरकतो का, सिस्टर पिशवी जोरात ओढतात का. स्प्रिंगवर शंकाच घेतली नाही. घरची होती."

"हो."

"तुला कधी कळलं मामा?"

"मंगळवारी."

"मंगळवारी किती वाजता?"

"दुपारी. चार-साडेचारला."

तिनं मान हलवली. "साचे बुधवारी गेले," ती म्हणाली. "नळीचे दोन्ही साचे. बुधवारी अकरा वाजता भंगारवाला आला होता. मीच त्याला म्हटलं, इथंच कापून ने. कुणी दुसऱ्यानं वापरायला नकोत."

ते साचे करायला सात महिने लागले होते हे सगळ्यांना माहीत होतं. ताई खिडकीकडे बघू लागली. बुधवारी भंगारवाल्याला फोन तिनंच केला होता.

"मी म्हटलं होतं ना, घरात पसारा नको," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"बरं, झालं ते झालं." धाकट्यानं आवाज खाली आणला. तो समजुतीच्या सुरात बोलू लागला की घरातले सावध होत. "आता शांतपणे विचार करा. पोरीला कळलं, तिच्या मनातलं ओझं गेलं, उत्तम. हे घरातलं घरात राहिलं. दादा सही करतो, आपण खाली जातो. ठकू, तुझी काही हरकत आहे?"

"तिला काय विचारतोस?" दादा म्हणाला. "सही माझी आहे. हा सदोष माल होता आणि बाहेर गेला होता. एका खाटेशी सिस्टर उभी नसती तर?"

"अरे, घरचा माल होता तो! पोरीसाठी केलेला. तो कधीपासून बाहेरचा माल व्हायला लागला?"

"तेच," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला.

"ताई, तू सांग ह्याला काहीतरी. तुझ्या वाट्याचाही प्रश्न आहे."

अर्ध्या तासापूर्वी ताई धाकट्याच्या बाजूनं होती. गेली दहा वर्षं त्या दोघांचं पटत नव्हतं, पण विक्रीच्या बाबतीत त्यांचा सूर पहिल्यांदाच जुळला होता. तिनं खिडकीवरची नजर काढली नाही. "मी काही सांगणार नाही. आणि आज मी सहीही करणार नाही. त्यांना म्हणावं, घरात अडचण आहे."

"तुम्ही दोघांनी मिळून..." धाकट्यानं कागद गोळा करायला घेतले. एक पान निसटून खाली पडलं, ते वहिनीनं उचलून दिलं. "आप्पांनी जगाला वाटून टाकलं, आणि उरलेलं तुम्ही प्रामाणिकपणात घाला. वहिनी, तुम्ही तरी..."

"चला, मी येते तुमच्याबरोबर खाली," वहिनी म्हणाली. "पाहुण्यांना बसवायला पाहिजे कुणीतरी." दारातून तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पण तेहतीस वर्षं विनोदावर हसणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा पाहावं तसं.

ताईही त्यांच्यामागून गेली. जाताना तिनं लेकीच्या खांद्याला लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

दोघंच उरली. दादा स्टुलावर बसला होता, ठकू उभीच होती.

"माझाही काटा असाच गेला," तो म्हणाला. "मला आत्ता खाली कळलं. मिस्त्रींनी सांगितलं. आप्पांना ठाऊक होतं."

तिला ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तिचा चेहरा बदलला, पण मऊ झाला नाही.

"म्हणून तुझी चूक कमी होते का?"

"नाही."

"शनिवारी आप्पा पहिला प्रश्न काय विचारायचे, माहीत आहे तुला?"

"नाही."

"काय मोडलं? एवढंच. काय चाललंय, किती विकलं, असलं काही नाही. काय मोडलं ते सांग. मोडलेलं घेऊन आल्याशिवाय बसायला सांगायचे नाहीत. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे." तिनं नाक ओढलं. "मी हे चाळीस परत आले तेव्हाही उचलून इथंच आणले. सवयीनं. जिना चढले आणि मग लक्षात आलं की खुर्चीत कुणी नाही. तू खाली होतास मामा. केबिनमध्ये. मी तुझ्या दारावरून गेले. तू विचारलंस, 'जड आहे का गं?'"

दादाला ते आठवत होतं. जड आहे का, असं विचारून तो पुन्हा चलनं भरायला लागला होता.

"मला विचारता आलं असतं," तो म्हणाला. "मला ते कुणी... मला यायला पाहिजे होतं वर."

"हो," ती म्हणाली. "पाहिजे होतं."

तिनं खोकं उचललं. जड होतं. तो उठला, पण त्यानं हात पुढं केला नाही.

"सोमवारी जाणार?"

"जाणार. होकार दिलाय. शिवाय साचे नाहीत, जोडीदारीण नाही. कशावर थांबू?"

त्यानं खणातून कोरं कार्ड घेतलं. ह्या टेबलाच्या खणात आप्पा नेहमी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवत, तो तसाच होता. तारीख घातली. तारेची जाडी, वेढे, लांबी, नग : चाळीस. मग तो थांबला.

"कंपनीचं नाव सांग. पूर्ण."

"आता कंपनी नाही मामा."

"होती ते सांग."

ती दारापर्यंत गेली. खोकं कमरेवर टेकवून तिनं एका हातानं कडी काढली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज झाला. मग तिथूनच, वळून न बघता, कारकुनाला पत्ता सांगावा तसं तिनं नाव सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. नाव लांब होतं. रकान्यात मावलं नाही. शेवटची दोन अक्षरं त्यानं रेघेबाहेर लिहिली.

तो खाली आला तेव्हा विकत घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर यंत्रांमधून हिंडत होता आणि धाकटा त्याच्याबरोबर चालत हळू आवाजात काही सांगत होता. ठकू फाटकाबाहेर पडलेली दिसली. दादानं कार्ड मिस्त्रींच्या हातात दिलं.

मिस्त्रींनी ते डोळ्यांजवळ नेलं, वरचा रकाना वाचला आणि रेघेबाहेरच्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"दोन्ही यंत्रांवर बाहेरचा माल आहे दादा. संध्याकाळी मोकळं होईल एक."

"थांबवा एक. आधी हे."

यंत्र थांबलं. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकाच यंत्राचा आवाज उरला. इंजिनिअरनं वळून बघितलं. दादानं बाह्या वर केल्या आणि तारेचं भेंडोळं स्वतः चढवायला घेतलं. शेजारी हँडप्रेस होता. चाळीस नग, प्रत्येकी पाच वेळा, दोनशे दाब. ते तो कुणाला करू देणार नव्हता.

"हे काय चाललंय?" इंजिनिअरनं धाकट्याला विचारलं. "चालू ऑर्डर उतरवली?"

"ते... काही नाही," धाकटा म्हणाला. "घरचं काम आहे."

"गिऱ्हाईकाचं आहे," दादा म्हणाला, आणि तारेचं टोक यंत्रात सारलं.